बाची हाळी

चांदे, पौडच्या बाजाराचा दिवस
आषाढ, सन १९२६

तीर्थरूप बा यांस जोतिबाचा दंडवत.

गुरुजींनी शिकवलेला सगळा मायना लिहीत बसलो तर निम्मी दौत त्यातच संपेल, म्हणून उरलेला तुम्ही मनात धरा. हे पत्र यवतच्या दुकानात हाफीजचाचा तुम्हाला वाचून दाखवतील. हाफीजचाचा, तुम्हाला सलाम. एक विनंती आहे. बाला राग येईल असं काही पुढे आलं, तर तिथे थोडं थांबा, त्यांना पान खाऊ द्या आणि मग वाचा. गाळू मात्र नका.

मी सुखरूप पोचलो. लोणीहून पुण्यापर्यंत चालत आलो. पुढे पिरंगुटच्या एका गाडीवानानं भूगावापर्यंत बसवून घेतलं, तिथून पुन्हा पाय. सारजाआत्यानं दारातच विचारलं, "एकलाच? वाडा कुटं हाय?" मी म्हणालो, वाडा मेंढरं, माणसं, बिऱ्हाड घेऊन पुढे गेला, मला बानं शाळेसाठी पाठवलंय. आत्यानं मला खालून वर बघितलं. "पंधरा वर्साचा घोडा शाळंत? मास्तर भिऊन पळंल की." खरं काय ते तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही कुणाबरोबर निरोप धाडू नका.

माझा तुमच्यावर राग नाही. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिलंय, ते हाफीजचाचांना दिसतच असेल.

झालं ते सगळ्यांच्या देखत झालं, तेव्हा लिहायला हरकत नाही. आपण कालव्याच्या कडेनं चाललो होतो. तुम्ही मागे, लंगड्या मेंढ्यांबरोबर. मी पुढे. पुढची मेंढी मोरी ज्वारीच्या कडवळाच्या रानाकडे वळली. पाण्यावाचून खुरटलेलं कोवळं कडवळ म्हणजे मेंढरांना विष, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी हाळी दिली. माझी कुठली, तुमचीच दिली, जी आजा द्यायचा, जिच्यावर आपली मेंढरं वळतात. लांब उचलायची आणि शेवटाला खाली सोडायची. पण घशातून निघालं ते निम्मं रेड्याचं आणि निम्मं कोंबड्याचं. मोरीनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. तिच्यामागून बाकीच्या आत शिरल्या. तुम्ही धावत येऊन एकच हाळी दिलीत आणि सगळ्या बाहेर आल्या, पण मोरीच्या पोटात जायचं ते गेलं होतं.

मोरी मेली तेव्हा तुम्ही तिच्याजवळ बसून होतात. मग उठलात आणि आईसमोर, नथूसमोर म्हणालात, "ज्याच्या घशात बापाची हाळी न्हाई त्यानं पुढं चालू न्हाई. घरला जा. शाळा कर. दसऱ्याला पुढची काठी नथूला."

हाफीजचाचा, नथू माझा चुलतभाऊ. आणि आमच्यात वाड्याच्या पुढे जो काठी घेऊन चालतो, उद्या मेंढरं त्याची. म्हणजे बा मला काय बोलले ते तुमच्या ध्यानात येईल.

बा, मला शाळा नको. मला लिहिता येतं तेवढं पुरे आहे. मला मेंढरं पाहिजेत. दसऱ्याला अजून अवकाश आहे, तोवर मी घसा तयार करतो. मग तुम्ही ऐका आणि काय ते ठरवा.

आईला सांगा, तिनं बांधून दिलेल्या भाकरी पुण्यापर्यंत पुरल्या.

तुमचा,
जोतिबा


चांदे, नागपंचमीचा दुसरा दिवस
श्रावण

तीर्थरूप बा यांस,

तुमचं उत्तर पोचलं. हाफीजचाचांचं अक्षर मोत्यासारखं आहे, पण शब्द तुमचे असल्यामुळे मोती जरा टोचले. "हाळी शिकून येत न्हाई. ती घशात असावी लागती. माज्या बाची माज्यात आली. तुज्यात न्हाई आली, ह्यात तुजा गुना न्हाई. पर मेंढरांचा बी न्हाई." गुन्हा नाही म्हणालात, एवढं मी घेतलं. बाकीचं घ्यायला मला वेळ लागेल.

आत्याला शेवटी सांगावं लागलं. माझा आवाज ती रोज ऐकते, तिच्यापासून काय लपणार? सकाळी मी "आत्या" म्हणून हाक मारायला जावं तर "आ" एकाच्या घशातून आणि "त्या" दुसऱ्याच्या घशातून. आधी तिनं ज्येष्ठमध चघळायला दिलं, मग तूप आणि मिरी. मला वाटलं, काही रोग असावा. तर ती हसायलाच लागली. "आरं रोग कसला, कंठ फुटतुया तुजा. मिसरूड फुटल्यावर कंठ न्हाई फुटायचा तर काय शिंगं फुटतील?"

तुम्ही इथे आत्याकडे ठेवलेल्या लंगड्या आणि गाभण मेंढ्या घेऊन मी रोज डोंगराच्या अंगाला जातो. तिथे तुमची हाळी काढतो. मान कशी वर करायची, दम कुठे धरायचा, सगळं तुमच्यासारखं. परवा मी अशी एक हाळी दिली की खालून गावातला कुशाबा कुऱ्हाड घेऊन पळत आला आणि त्याच्यामागून दोघे दोरखंड घेऊन. "कोन पडलं रं हिरीत?" मी म्हणालो, कुणी नाही, बाची हाळी देतोय. कुशाबा मटकन खाली बसला. "म्हसूची? म्हसूनं ऐकली तर तुज्यावर फिर्याद लावंल त्यो." मेंढ्यांचं म्हणाल तर त्या कुशाबाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना कुऱ्हाडीपेक्षा मी वाईट वाटलो.

गावात आता माझं नाव पडलंय. कुणी भेटलं की विचारतं, "काय जोतिबा, आज कोन बुडालं?" हसतात तर हसू देत. सराव मी सोडलेला नाही. हाफीजचाचा, पुढची ओळ आई दुकानात असेल तर वाचू नका. घसा सुजलाय आणि सकाळी थुंकीत थोडं रक्त असतं. पण आवाज खाली उतरायला लागलाय असं वाटतं. निदान मला तरी.

आणखी एक. वर मुळशीकडे धरणाचं पाणी चढतंय. तिकडून सामान घेऊन खाली उतरलेली माणसं सांगतात की आपली हिवाळ्यातली चरणीची रानं पाण्याखाली जाणार. म्हणजे पुढच्या साली वाड्याला नवी वाट शोधावी लागेल. नथूला वाटा शोधता येतात का? मी आपलं विचारलं.

जोतिबा


चांदे, उद्या गणपती बसणार
भाद्रपद

तीर्थरूप बा यांस,

मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. बाजाराला गेलो की डाकवाल्या कोंडिबाच्या थैलीकडे मांजरासारखा बघत बसतो. राग आला असेल तर तसं तरी कळवा.

आज मी तुम्हाला आनंद होईल असं काही लिहिणार नाही. खरं तेवढं लिहितो.

थुंकीतलं रक्त आत्यानं पाहिलं. त्या दिवसापासून तिनं मला ओरडायची बंदी केली. "मेंढरं गेली खड्ड्यात. मुका झालास तर तुज्या आईला काय सांगू मी?" मी ऐकलं, कारण तसंही घशातून काही निघत नव्हतं. काही दिवस मेंढ्यांमागून नुसता मुकाट हिंडलो. त्या चरायच्या आणि मी बघायचो. खरं सांगू का, बा? एवढी वर्षं मी मेंढ्यांबरोबर आहे, पण कोणती कशाला भिते, कोणती कुणाला सोडून राहत नाही, हे मी त्याच दिवसांत पाहिलं. एरवी मी आपला तुमच्यासारखं कसं दिसायचं याच्याच नादात.

मग परवा दुपारी गाभण काळी ओढ्याच्या कडेला गेली. ओढा लाल पाण्यानं भरून चाललेला. माती सुटत होती आणि तिचा मागचा पाय घसरत होता. मी विचार केलाच नाही. तोंडातून निघालं, "ह्योऽ ह्यो! ह्योऽ ह्यो!" आखूड आणि जाड. पोटातून आल्यासारखं. असा आवाज मी कधी काढलेला नाही आणि कुणाचा ऐकलेलाही नाही. काळी थांबली. वळली. चढून वर आली आणि माझ्या गुडघ्याला अंग घासत उभी राहिली.

मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण भीती वाटली. तुमच्या जागेवर वहाणांसकट जाऊन बसावं तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मूठभर मीठ नेलं आणि तीच हाळी पुन्हा दिली. सगळ्या आल्या. मीठ नसताना दिली, तरी आल्या. घसा दुखला नाही. कुणी कुऱ्हाड घेऊन पळत आलं नाही.

बा, ही तुमची हाळी नाही. आजाची नाही. तिला माझी म्हणायला मी अजून धजत नाही, पण दुसऱ्या कुणाची आहे असंही सांगता येत नाही.

तुम्ही लहानपणापासून सांगत आलात, "एका वाड्यात दोन हाळ्या म्हंजी दोन वाडे." मेंढरं बावचळतात, निम्मी इकडे जातात, निम्मी तिकडे, आणि मधल्यामध्ये लांडग्याचं फावतं. हे खोटं नाही, मी पाहिलंय. म्हणून विचारतो, आता मी काय करू? तुमची हाळी मला येणार नाही. आज हे सरळ लिहून टाकतो, म्हणजे तुम्हाला वाट बघायला नको. नथूला ती जमते, तेव्हा काठी नथूला द्यायची असेल तर द्या. मला वाईट वाटेल, फार वाटेल. पण द्यायच्या आधी एकदा मला वाड्यात येऊन उभं राहू द्या. एवढंच मागतो.

जोतिबा


चांदे, पितृपंधरवडा

तीर्थरूप बा यांस,

उत्तर आलं, पण ते तुमचं नव्हतं. तुम्ही लोकर कातरण्यात गुंतला होतात, तेव्हा आई एकटी दुकानात गेली आणि तिनं हाफीजचाचांकडून मला पत्र लिहून घेतलं. तिच्यावर रागावू नका. हाफीजचाचांवरही नको. त्यांनी खाली स्वतःच्या मनानं एक ओळ लिहिली आहे की, "बेटा, तुझे वडील तुझं प्रत्येक पत्र दोन वेळा वाचून घेतात आणि उत्तर लिहू का म्हटलं की उठून जातात."

आईनं काय सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो, म्हणजे मी पदरचं घातलं असं तुम्हाला वाटायला नको.

"तुज्या बाचा आवाज असा न्हवता. मी लगीन हून आले तवा लई पातळ आन ग्वाड व्हता. मामंजी गेले आन मेंढरं वळंनात. मरंस्तवर त्येंनीच हाळी दिल्याली, मेंढरांना दुसरा आवाज ठावाच न्हवता. मग ह्यो रोज रानात जाऊन मामंजींची हाळी काढायचा. घसा सुजला, रगात पडलं, तरी सोडंना. वरीसभरानं मेंढरं वळली. पर त्यो पैला आवाज गेला त्यो गेलाच. येकांद्या वक्ताला कोकराला जवळ घिऊन बोलतो तवा वाईच आयकाय येतो."

बा, हे वाचून मी ओट्यावर किती वेळ बसलो होतो ते आत्याला विचारा.

तुम्ही मला लिहिलंत की हाळी घशात असावी लागते, माझ्या बाची माझ्यात आली. ती आली नव्हती. तुम्ही ती ओढून आणलीत. मग मला तसं का सांगितलंत? मी इतके दिवस समजत होतो की तुम्ही जन्मताच तसे होता आणि माझ्यातच काहीतरी खोट आहे. या गोष्टीचा मला राग आला, अजून आहे. पण रागाच्या मधेच मला दुसरं काही दिसायला लागतं. एक पातळ आवाजाचा पोरगा, बाप नुकताच गेलेला, रानात एकटा ओरडतोय आणि मेंढरं त्याच्याकडे बघतही नाहीत. मला थुंकीत रक्त पडलं तेव्हा आत्या म्हणाली, पुरे. तुम्हाला कुणी म्हणालं होतं का?

आता मी जे लिहितो ते लहान तोंडी मोठा घास आहे. हाफीजचाचा, इथे पानाचं बघा.

मेंढरं एकाच आवाजाला वळतात हे खरं. पण नवा आवाज त्यांना शिकवता येतो, मी इथे शिकवलाय. मीठ लागतं, दम लागतो, आणि तिसरी गोष्ट म्हणजे जुना आवाज गप्प बसावा लागतो. आजा गप्प बसला, कारण आजा मेला. तुम्ही मरावं असं मला वाटत नाही. तुम्ही जिवंत राहून गप्प बसावं असं वाटतं.

हे तुमच्यासाठी किती कठीण आहे ते मला ठाऊक आहे. जेवताना मीठ मागायचं तरी तुम्ही पलीकडच्या गावाला ऐकू जाईल असं मागता. तरीही मागतो. मेंढरांनी मला नाकारलं तर मी काठीकडे पुन्हा बघणार नाही, नथूच्या मागून चालेन आणि तोंड वाकडं करणार नाही. पण निवाडा मेंढरांना करू द्या. तुमच्या आवाजानं तो आधीच करून टाकू नका.

तुमचा,
जोतिबा


यवत, कोजागरी उलटल्यावर
आश्विन

तीर्थरूप बा यांस जोतिबाचा दंडवत. सारजाआत्यालाही.

हे पत्र चांद्याला कोंडिबा तुम्हाला वाचून दाखवतील. कोंडिबाकाका, तुम्ही घाईत असाल तर पाणी प्या, मग वाचा. पत्र लांब आहे.

तुम्ही गेल्यावर मी इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. होतं ते लिहिवत नव्हतं.

तुमचं ते एका ओळीचं उत्तर, "ये. गप बसायचं बगतो", मी अजून खिशात ठेवलंय. आणि तुम्ही खरंच बघितलंत, हे मी कबूल करतो. पहिल्या संध्याकाळी मी मीठ घेऊन उभा राहिलो, हाळी दिली, तेव्हा तुम्ही मुंडाशाचा शेव दातांत धरून बसला होतात. मेंढरं माझा आवाज ऐकायची आणि तुमच्याकडे बघायची. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कुत्र्यानं एक कोकरू लांब पळवलं आणि तुमच्या तोंडून हाळी गेलीच. सगळा वाडा तुमच्या पायांशी. तुमचं तोंड चोरी सापडल्यासारखं झालं होतं. आई म्हणाली, "तुमच्यानं हितं गप ऱ्हावनार न्हाई. चांद्याला जावा, आन काय वरडायचं ते वन्संवर वरडा."

मला वाटलं, तुम्ही तिच्यावर डाफराल. तुम्ही दसऱ्याची वाट बघितलीत, बिरोबापुढे नारळ फोडलात आणि काठी नथूच्याही हातात दिली नाहीत, माझ्याही नाही. मातीत रोवलीत. "मेंढरं ज्याचं आयकतील त्यानं उचलावी." आणि घोंगडी खांद्यावर टाकून निघालात. एवढ्या वर्षांत मेंढरं सोडून तुम्ही एक रात्र कुठे राहिला नव्हता, असं आई सांगते. जाताना मागे वळून बघितलं नाहीत. बघितलं असतंत तर मी तुम्हाला थांबवलं असतं.

तुम्ही गेल्यावर मेंढरं तुम्हाला शोधायची. संध्याकाळी चांद्याच्या दिशेला तोंड करून उभी राहायची. मी हाळी दिली की कान हलवायची आणि तशीच उभी. मीठ खायची आणि निघून जायची. एक दिवस मी वैतागून आईला म्हणालो, बाला बोलावून घेऊ. आई म्हणाली, "बलीव. पर मग पुन्यांदा धाडू नगंस." मी पुन्हा मीठ घेऊन उभा राहिलो.

नथूबद्दल मी पूर्वीच्या पत्रांत जे तिरकं लिहिलं ते सगळं परत घेतो. त्याला तुमची हाळी हुबेहूब येते. त्यानं एकदा तोंड उघडलं असतं तर सगळी मेंढरं त्याच्यामागे गेली असती आणि काठी त्याची झाली असती. त्यानं उघडलं नाही. मी विचारलं, का रं? म्हणाला, "ती काकाची हाळी हाय. मी निस्ती नक्कल करतु. मेंढरांस्नी फसवायचं व्हय?" मग म्हणाला, "आन मला तुज्यासारकं पुढं चालाय बी नगं. मागं बरं असतं, धूळ खायाची पर इचार करावा लागत न्हाई."

काल आम्ही रेल्वेचे रूळ ओलांडत होतो. पुढची मेंढरं पलीकडे गेली, आणि मधली, तुम्हाला तर माहीत आहे, रुळांवर पोचली आणि तिथेच थांबून खडी हुंगायला लागली. तेवढ्यात पुण्याकडून शिटी ऐकू आली. पलीकडची मेंढरं बिचकून परत रुळांकडे यायला लागली. नथू मागून त्याची काठी आपटत होता, आई ओरडत होती, आणि त्या गोंधळात कुणाचं काय ऐकावं हे मेंढरांना कळेना. मी पलीकडे पळालो, वरच्या बांधावर चढलो आणि हाळी दिली. घाबरलो होतो, तरी आवाज चिरकला नाही. पहिल्या हाळीला काही झालं नाही. मेंढरांनी आजूबाजूला बघितलं. तुम्हाला शोधत होती. तुम्ही कुठेच नव्हता.

मी पुन्हा दिली. एका म्हाताऱ्या मेंढीनं माझ्याकडे तोंड केलं आणि बांध चढायला लागली. तिच्यामागून दुसरी. मग सगळा वाडा रुळांवरून उचलल्यासारखा माझ्याकडे आला. गाडी गेली तेव्हा मेंढरं माझ्या भोवती उभी होती. एकही गेलं नाही, बा. एकही नाही.

नथूनं वाड्यावर जाऊन काठी उपटून आणली आणि माझ्या हातात कोंबली. "धर. लई दिस उभी हाय, वाळवी लागंल." मी घेतली. तुमचा हात लागून जिथे गुळगुळीत झाली आहे तिथे माझा हात बसत नाही, जरा खाली बसतो. तिथेच धरायचं ठरवलंय.

आत्या कळवते की तुम्ही तिथे कुणाशी फारसं बोलत नाही, दिवसभर काळीच्या कोकराला घेऊन बसता. आईला मी ते वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली आणि म्हणाली, "लिव त्येस्नी. म्हनावं, या आता. आन येताना मामंजींचा आवाज तितंच ठिवून या."

तेव्हा या, बा. मेंढरं आता बावचळणार नाहीत. मोठ्यानं ओरडायचं काम माझ्याकडे आलंय. तुम्ही हळू बोललात तरी चालेल.

तुमचा,
जोतिबा